पास्ता घरी, पिझ्झा बाहेर

व्हेस्पा स्कूटर जिथे तयार होते ते पोंतेदेरा हे तोस्कानातलं, पिसाजवळचं गाव. ती स्कूटर करणाऱ्या प्याज्यो कंपनीचा एक कारखाना आपल्या बारामतीत आहे. पिसाच्या सांतान्ना संस्थेची रोबॉटिक्सची प्रयोगशाळा मात्र पोंतेदेरातच. बायकोचं संशोधन तिथे आणि माझं भाषांतराचं काम घरी टेबलावर. त्यामुळे स्वयंपाकघर कोणाकडे जाणार हे ठरवायला बैठक घ्यावी लागली नाही. काही वर्षं तिथे रांधलं, तिथल्या खानावळींत जेवलो, मग पुण्याला परतलो. इथे मित्रमंडळी दोनच प्रश्न विचारतात : घरचा पास्ता हॉटेलसारखा का होत नाही, आणि इटालियन हॉटेलात गेलं तर मागवावं काय? मला दोन्हींचं मूळ एकच दिसतं. काय घरी करायचं आणि कशासाठी बाहेर पैसे मोजायचे, ही वाटणी आपण उलटी करून ठेवली आहे.

१. आधी आच बघावी, मग पदार्थ ठरवावा

नेपल्सचा पिझ्झा लाकडाच्या भट्टीत भाजतात. आतली उष्णता ४३० ते ४८५ अंश सेल्सियसच्या घरात, आणि पिझ्झा आत राहतो साठ ते नव्वद सेकंद. तेवढ्यात कडा फुगते, तिच्यावर काळे ठिपके उमटतात आणि मधला भाग ओलसर राहतो. घरचा ओव्हन २५० अंशांवर थकतो. तिथे पिझ्झा दहा-बारा मिनिटं ठेवावा लागतो, तोवर पीठ वाळतं आणि चीजचं तेल सुटतं. लागतो चांगलाच, मुलं बशी पुसून खातात, पण तो पदार्थ वेगळा. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या हातकसबाला युनेस्कोने २०१७ मध्ये मानवी वारशाच्या यादीत घेतलं ते काही उगाच नाही. पोंतेदेराच्या लोकांना हे न सांगता ठाऊक असतं. पिझ्झा म्हणजे रात्री बाहेर जाऊन खायची गोष्ट. पुष्कळ पिझ्झेरिया दुपारी कुलूपच उघडत नाहीत.

पास्त्याला काय लागतं? मोठं पातेलं, पाणी, मीठ, आणि शेजारच्या शेगडीवर कढई. हॉटेलातला शेफही यापलीकडे काही वापरत नाही. तरी आपण घरी तयार बेसवर किसलेलं चीज पसरून पिझ्झा करतो आणि शनिवारी रात्री हॉटेलात पाचशे रुपये मोजून पास्ता खातो. तंदुरी रोटीसाठी ढाब्यावर जावं, वरणभातासाठी जाऊ नये, इतकाच हा हिशेब आहे.

२. मिठाला हात आखडू नये

माणशी ८० ते १०० ग्रॅम सुका पास्ता, दर १०० ग्रॅमला एक लिटर पाणी, दर लिटरला १० ग्रॅम मीठ. हे तिथल्या घरोघरचं पाठ झालेलं प्रमाण. दहा ग्रॅम म्हणजे चहाचे पावणेदोन-दोन सपाट चमचे. आपल्याकडे हे ऐकलं की लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात, पण त्यातलं बरंचसं मीठ पाण्याबरोबर निघून जातं. उकळताना आत शिरलेलं मीठ आणि नंतर वरून भुरभुरवलेलं मीठ यांच्या चवीत फार फरक असतो. रक्तदाबवाल्यांनी प्रमाण अर्ध्यावर आणावं, अजिबात टाळू मात्र नये.

पाण्यात तेल घालू नये. ते वरच तरंगतं, आणि काढताना पास्त्याला लागलं की सॉस त्याला धरत नाही. शिजल्यावर गार पाण्याखाली धुऊ नये, त्याने वरचा पिठूळ लेप जातो आणि खरं काम तोच करणार असतो. पाकिटावर दहा मिनिटं लिहिली असतील तर नवव्या मिनिटाला पास्ता झाऱ्याने उचलून थेट सॉसच्या कढईत टाकावा. सोबत त्याच पाण्याची एक पळी. मोठ्या आचेवर मिनिटभर परतलं की पाणी, तेल आणि पिठूळपणा एकजीव होऊन सॉस पास्त्याला बिलगतो. ताटलीत तळाशी पाणी आणि वर पांढरा गोळा असं दिसलं तर समजावं की हे शेवटचं मिनिट कोणीतरी वाचवलं.

पाकीट घेताना मागची बाजू वाचावी. इटलीत १९६७ च्या कायद्याने सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच असावा असं बंधन घातलं. आपल्याकडे तसं बंधन नाही, त्यामुळे स्वस्त पाकिटात मैदाही निघतो, आणि मैद्याचा पास्ता कितीही जपला तरी गिचका होतो. ड्युरमचं देशी पाकीटही उत्तम चालतं. परदेशीच हवं हा हट्ट मला कळत नाही.

सॉसचं म्हणाल तर पुण्याला नारायणगावचा बाजार जवळ आहे, टोमॅटोंची वाण नाही. मात्र आपला संकरित टोमॅटो पाणीदार आणि आंबट. साखर घालण्यापेक्षा कांदा, गाजर आणि सेलरीचे देठ अगदी बारीक चिरून तेलात वीस मिनिटं मंद परतावेत, मग टोमॅटो घालून पाणी आटेपर्यंत थांबावं. गाजर आंबटपणा सांभाळतं. तोस्कानात भाजीवाल्याकडे खरेदी केली की तो गाजर, सेलरी, पार्स्ली अशी छोटी जुडी वरून फुकट टाकतो, आपल्याकडे पूर्वी कढीपत्ता-कोथिंबीर टाकायचे तशी. पुण्यात सेलरीला पैसे पडतात. नाही मिळाली तर नुसत्या कांदा-गाजरावर भागतं.

३. वरणफळं येतात त्याला अर्धी इटली येते

आमच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी होत्या. थंडीत त्या रात्रभर भिजवलेले छोले रोझमेरी, सेज आणि लसूण घालून शिजवत. त्यातले निम्मे घोटून घेत, निम्मे अख्खे ठेवत, आणि त्या दाट रश्श्यातच मोडका-तोडका पास्ता टाकून शिजवत. पाकिटांच्या तळाशी उरलेले वेगवेगळ्या आकारांचे तुकडे याच दिवसासाठी बरणीत जमवलेले असत. वरून कच्चं ऑलिव्ह तेल आणि मिरपूड. पहिल्या घासाला मला आईच्या चकोल्या आठवल्या. तिथे तूरडाळ, इथे छोले. तिथे गोडा मसाला आणि आमसूल, इथे रोझमेरी. पण युक्ती तीच : कणीक डाळीतच शिजवायची, म्हणजे तिचं पीठ डाळीला दाटपणा देतं आणि डाळीची चव तिच्यात उतरते. दक्षिणेकडे सालेंतो भागात याच पदार्थात थोडा पास्ता तळून कुरकुरीत करून वरून घालतात. मी हे वरणफळांत करून पाहिलं. थोडी फळं तळून शेवटी वरून सोडली, आणि तेव्हापासून आमच्या घरी तीच रीत पडली आहे.

हा पदार्थ पुण्यामुंबईच्या इटालियन हॉटेलांत सहसा मिळत नाही. छोल्यांचे पाचशे रुपये कोण देणार? म्हणूनच तो घरी करायचा.

४. बेसनाचा डबा घेऊन परदेशी जाऊ नये

पिसा, लिव्होर्नो आणि वर लिगुरियाच्या किनाऱ्यावर चण्याचं पीठ इतकं चालतं की छोट्या दुकानातही त्याची पाकिटं असतात. आमचं पिठलं तिथे कधी अडलं नाही. अडली ती कोथिंबीर. ती मिळेपर्यंत पार्स्लीवर वेळ मारून नेली, पण पार्स्ली घातलेलं पिठलं परक्या मुलुखातलं वाटतं हे सांगितलं पाहिजे. फोडणीलाही तिथलं कडवट, घशाला झोंबणारं ऑलिव्ह तेल घालू नये, मोहरी-हिंग त्यापुढे दबतात. सूर्यफुलाचं तेल तिथे सगळीकडे मिळतं.

त्या पिठाची पिसातली करामत म्हणजे चेचीना. एक भाग पीठ, वजनाने तिप्पट पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल. काही तास ठेवून वरचा फेस काढायचा आणि कल्हई केलेल्या मोठ्या तांब्याच्या परातीत पातळसर ओतून लाकडाच्या भट्टीत भाजायचं. वर सोनेरी पापुद्रा, आत कस्टर्डसारखं मऊ. वरून भरपूर मिरपूड घालून कागदावर देतात, नाहीतर फोकाच्चाच्या पोटात भरून. अंडं नाही, दूध नाही, मांस नाही. पिसात ते पिझ्झाच्या दुकानात उभ्याने खावं, घरी करायच्या भानगडीत पडू नये. पुण्यात मात्र ते विकत मिळण्याची आशा नसल्याने घरच्या ओव्हनमध्येच करावं लागतं. केकच्या टिनमध्ये अर्धा सेंटीमीटर जाडीचं ओतून २५० अंशांवर ठेवलं की बऱ्यापैकी जवळ जातं. पिझ्झ्याइतकं ते आचेचं हट्टी नाही.

५. कार्ड वाचायचं असतं, संपवायचं नसतं

तिथल्या खानावळीच्या कार्डावर आरंभीचे पदार्थ, मग पास्ता-भात-सूप, मग मांस-मासे, मग बाजूच्या भाज्या, मग गोड अशी उतरंड असते. नवखा माणूस घाबरून प्रत्येकातलं एकेक मागवतो. तिथले लोक तसं करत नाहीत. रोजच्या दुपारी पास्त्याची एक ताटली आणि एक भाजी, किंवा नुसते मांस-मासे आणि भाजी, एवढ्यावर लोक उठतात. भाजी वेगळी मागवावी लागते, ती मांसाबरोबर आपोआप येत नाही.

दुपारचं स्वयंपाकघर साडेबारा ते अडीच, रात्रीचं साडेसातनंतर. चार वाजता भूक लागली तर बारमध्ये जाऊन सँडविच खावं. दाराला टकटक करून शेफला चुलीपाशी बोलावण्याची पुणेरी हिंमत तिथे चालत नाही. बिलात माणशी दीड-दोन-तीन युरो जास्तीचे दिसतात, ते पावाचे आणि टेबल मांडल्याचे. कार्डाच्या एखाद्या कोपऱ्यात ते आधीच छापलेले असतात, त्यामुळे भांडायला जागा नसते. पाणी बाटलीचंच येतं, साधं की बुडबुड्यांचं एवढं विचारतात. बिल मागितल्याशिवाय येत नाही. वेटर विसरलेला नसतो, तुम्हाला उठवणं त्याला असभ्य वाटतं.

दोन गोष्टी बारीक अक्षरांत असतात आणि त्या जरूर वाचाव्यात. पहिली, मासे आणि मोठ्या बीफस्टेकचा भाव ताटलीचा नसतो, १०० ग्रॅमचा किंवा किलोचा असतो. सात युरो वाचून हरखून जाऊ नये. दुसरी, काही पदार्थांपुढे तारांकन असतं. ते खास शिफारशीचं चिन्ह नव्हे, माल गोठवलेला असल्याची ती कबुली असते. समुद्रापासून लांबच्या गावात कोळंबीपुढे तारा दिसला की मी छोल्यांकडे वळत असे.

खानावळ निवडण्याची माझी कसोटी साधी होती : दारात माणूस उभा राहून बोलावत असेल आणि कार्डावर पदार्थांचे रंगीत फोटो असतील तर पुढे चालावं. कार्ड हाताने लिहिलेलं, एकाच पानाचं आणि रोज थोडं बदलणारं असेल तर बसावं.

६. शाकाहाऱ्याने 'मांस नको' म्हणून गप्प बसू नये

मी अंडी-मासे खातो, बायको त्यातलं काहीच खात नाही, त्यामुळे ही चौकशी माझ्या अंगवळणी पडली. अडचण दिसणाऱ्या मांसाची नसते, न दिसणाऱ्याची असते. भाज्यांच्या सूपला मांसाचा रस्सा असू शकतो. राजम्यासारख्या घेवड्याच्या सूपमध्ये डुकराची चरबी परतलेली असू शकते. रिसोत्तो तर रश्श्यावरच शिजतो, तेव्हा रस्सा कशाचा हे विचारलंच पाहिजे. रोमान्या भागातल्या पियादिना या पोळीच्या कणकेत परंपरेने चरबी घालतात. रोममध्ये भोपळ्याच्या फुलांची भजी दिसली की कोकणी माणूस आनंदाने धावतो, पण त्या फुलात मोझारेल्लाबरोबर खारवलेला छोटा मासा भरलेला असतो. पन्ना कोत्तामध्ये जिलेटिन, तिरामिसूत कच्चं अंडं.

सगळ्यात मोठा पेच पारमेझानचा. पारमिजानो रेज्जानोच्या नियमांत दूध विरजायला वासराच्या जठरातलं रेनेटच वापरायचं असं ठरलेलं आहे. मेंढीच्या दुधाच्या पेकोरिनो रोमानोला कोकराचं. म्हणजे पेस्तोसुद्धा कडक शाकाहारी नव्हे, कारण त्यात हे चीज पडतंच. पारमिजानोच्या एका चाकामागे साधारण साडेपाचशे लिटर दूध, किमान बारा महिने मुरवण, चाळीसेक किलो वजन, आणि एवढं सगळं त्या चिमूटभर रेनेटवर उभं. गंमत अशी की त्या पट्ट्यातल्या गाईंचे गोठे आज मोठ्या प्रमाणावर पंजाबी कामगार सांभाळतात. रेज्जो एमिलिया जिल्ह्यातल्या नोव्हेल्लारा गावी २००० साली उघडलेला गुरुद्वारा त्यांचाच.

मग खायचं काय? सुका पास्ता, त्यात सहसा अंडं नसतं. ताज्या तालियातेल्लेत मात्र असतं. मारिनारा पिझ्झा : टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, आणि चीज मुळीच नाही. आल्यो ए ओल्यो, म्हणजे लसूण, तेल आणि सुकी मिरची घातलेली स्पगेत्ती. चेचीना. सेज घातलेला घेवडा. युरोपात २०१४ च्या अखेरीपासून हॉटेलांना चौदा ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते. त्या तक्त्यात अंडं, मासे, दूध लगेच सापडतात. चरबी आणि रेनेट त्यात येत नाहीत, ते तोंडानेच विचारायचं.

पुण्यात हा प्रश्न बराच सुटतो. पाकिटावरचा हिरवा ठिपका बघितला की पुरे, आपल्याकडचं पुष्कळ चीज सूक्ष्मजीवांच्या रेनेटने करतात. पुण्यातच सुरू झालेली 'लिटल इटली'ची साखळी तर पूर्ण शाकाहारी. ज्यांच्या घरात हा विषय नाजूक आहे त्यांनी इटलीत परमेश्वरावर भार टाकण्यापेक्षा इथे निवांत जेवावं.

७. वळवट विसरू नये

सिएनाच्या बाजूला पिची नावाचा पास्ता करतात. पीठ, पाणी, जमलं तर थेंबभर तेल. अंडं बहुधा नाही. कणकेची पट्टी कापून ती तळहाताखाली फळीवर लोळवत लोळवत जाड दोरीसारखी लांबवायची. पुलियात बारीच्या जुन्या गावातल्या गल्ल्यांत बायका दाराशी टेबल मांडून ओरेक्किएत्ते वळतात, सुरीच्या टोकाने ओढून अंगठ्यावर उलटलेले कानाच्या पाळीसारखे तुकडे. पर्यटक त्यांचे फोटो काढत असतात. मला माझ्या मावशा दिसत होत्या. गव्हले, नखुल्या, मालत्या, बोटव्या हे सगळं याच जातीचं काम, आणि आपल्या रुखवतातून ते आता दिसेनासं होत चाललं आहे. ज्यांच्या बोटांत अजून ते आहे त्यांनी एकदा रवा आणि पाण्याच्या घट्ट कणकेचे बोटव्यांसारखे तुकडे वळून, तासभर सुकवून, उकळत्या मिठाच्या पाण्यात टाकावेत. यंत्र विकत घेऊ नका. माझ्या ओळखीच्या प्रत्येक घरात पास्त्याचं यंत्र माळ्यावर आहे.

८. कॅपुचिनो सकाळी

जेवणानंतर मागवला तरी कोणी हाकलत नाही. पण दूध पोटभर जेवणावर जड पडतं हा त्यांचा समज आणि ताकावर जेवण संपवणाऱ्यांचा समज यांचं जमून जातं. एस्प्रेसो काउंटरवर उभ्याने घ्यावा, बसलं की भाव वाढतो.

९. शिळं टाकू नये

तोस्कानाचा पाव अळणी असतो. मुद्दाम. पहिल्या आठवड्यात त्याचा राग येतो, मग खारट चीज आणि मुरंबे त्यावर लावून खाताना त्याचं कारण उमगतं. हा पाव चार दिवसांत दगड होतो आणि खरा स्वयंपाक तिथून सुरू होतो. थंडीत काळपट पानांचा केल, घेवडा आणि पाव यांचं सूप, दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळलेलं जास्त चांगलं. उन्हाळ्यात पाव पाणी-व्हिनेगरात भिजवून पिळायचा, त्यात टोमॅटो, कांदा, काकडी, बेसिल आणि तेल. हे दुसरं, पान्झानेल्ला, पुण्याच्या पावावर जमत नाही, त्याचा लगदा होतो. कडक भाजलेली शिळी ज्वारीची भाकरी चालते. ताकातल्या काल्यापेक्षा वेगळं काही हवं असेल त्या दुपारी मी ती मोडून, व्हिनेगरऐवजी लिंबू पिळून करतो. आईला ते पटलं नाही. तिच्या मते भाकरीचा काला ताकाशिवाय म्हणजे आळस.

वरच्या मजल्यावरच्या आजींच्या फडताळात पेल्लेग्रीनो आर्तुसीचं पुस्तक होतं. रेशमाच्या धंद्यातला हा माणूस. लग्न केलं नाही. १८९१ मध्ये फ्लोरेन्समध्ये स्वतःच्या खर्चाने पाककृतींचं पुस्तक छापलं आणि ते घराघरांत गेलं, आपल्याकडे कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' गेलं तसं. पुरुषाने स्वयंपाकावर बोलू नये असं कोणी म्हटलं की मी आर्तुसीला पुढे करतो.

१०. खपली हातची सोडू नये

पोंतेदेराच्या उत्तरेला, लुक्का जिल्ह्यात गार्फान्याना नावाचं डोंगराळ खोरं आहे. तिथल्या फार्रो या गव्हाला १९९६ मध्ये युरोपचं भौगोलिक मानांकन मिळालं आणि आता तो दुकानात सुबक कापडी पिशवीतून चढ्या भावाने विकला जातो. तो गहू म्हणजे आपली खपली, एकच जात. सांगली-कोल्हापूरकडे जिची खीर करतात ती. तिथे त्याचं घेवड्याबरोबर दाट सूप करतात : कांदा-गाजर-सेलरी परतून, शिजलेला घेवडा निम्मा घोटून, सडलेला फार्रो त्यात सावकाश शिजवतात. खिरीसाठी सडलेले गहू घरात उरले की मी पावटे घालून हेच करतो. पुण्याच्या बाजारात खपली आता पुन्हा 'आरोग्याची' म्हणून महाग व्हायला लागली आहे, तेव्हा गावाकडून आणता आली तर आणावी.

११. इटालियनांपेक्षा जास्त इटालियन होऊ नये

परत आल्यावर काही महिने मी हॉटेलात जेवणाऱ्यांना उपदेश करत असे. बायकोने तो बंद केला, बरं झालं. व्हाइट सॉस पास्ता रोममध्ये मागाल तर वेटर गोंधळेल. तिथे मैद्या-दुधाचा पांढरा सॉस असतो तो लझान्याच्या थरांत. आल्फ्रेदो दि लेल्यो या रोमच्या माणसाच्या नावाने चालणारी फेत्तुच्चिने मूळची फक्त लोणी आणि पारमेझानची, क्रीम त्यात नंतर अमेरिकेत शिरलं. पण म्हणून काय झालं? आज 'अस्सल' म्हणून छातीवर हात ठेवतात त्या कार्बोनाराच्या जुन्या छापील कृतींपैकी एक १९५२ साली शिकागोत आली होती, आणि टोमॅटो तर अख्ख्या युरोपलाच अमेरिकेने दिला. डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीत युनेस्कोची बैठक झाली, तीत इटलीचा स्वयंपाक वारशाच्या यादीत गेला. त्याच बैठकीत आपली दिवाळीही गेली. दोन्हींत घरागणिक कृती बदलते. व्हाइट सॉस पास्ता हा पुण्यामुंबईचा पदार्थ आहे, तो छान करावा आणि खावा. ताटल्या मधे ठेवून सगळ्यांनी वाटून खाणंही आपलंच. तिथे ज्याची ताटली त्याची असते, पण चौघांत दोन पास्ते आणि दोन पिझ्झे मागवून वाटले तर इटलीचं काही बिघडत नाही.

एवढं मात्र बघावं. नव्या इटालियन हॉटेलात पहिल्यांदा आल्यो ए ओल्यो मागवावा. त्यात लपवायला काही नसतं. लसूण गार तेलात टाकून हळूहळू सोनेरी केलेला आहे की जळका, हे वासावरूनच कळतं. पास्ता पाच मिनिटांत टेबलावर आला तर तो सकाळीच शिजवून तेल लावून ठेवलेला होता, कारण सुकी स्पगेत्ती शिजायलाच आठ-दहा मिनिटं घेते. उशीर झाला तर खूश व्हावं. आणि पिझ्झेरियात जाल तर भट्टी दिसेल अशा खुर्चीत बसून साधा मार्गेरिता मागवावा. पनीर टिक्का पिझ्झा मागवला की खालचं पीठ कसं आहे ते कधीच समजत नाही.

आई-वडिलांना घेऊन जाताना वेटरला 'नीट शिजवा' असं आधीच सांगावं. किंचित कडक पास्ता साठीच्या पुढच्या दातांना कच्चाच वाटतो, आणि त्यांचं चुकत नाही. तिखटाचे सॅशे मागायलाही लाजू नये. कालाब्रियातले लोक मिरचीच्या बाबतीत आपल्याला लाजवतात.

१२. आठवड्यातून एक रात्र पाल्याची

पुलियाचे ओरेक्किएत्ते एका कडसर पालेभाजीबरोबर करतात. ती पुण्यात मिळत नाही. मुळ्याचा पाला मिळतो, थंडीत मोहरीचा मिळतो, दोन्ही चालतात. पाला जाडसर चिरून पास्त्याच्याच उकळत्या पाण्यात टाकायचा, पास्ता शिजायला पाच मिनिटं उरली की. कढईत भरपूर लसूण आणि एक सुकी मिरची मंद तेलात. पाणी राखून दोन्ही निथळायचं, कढईत एकत्र परतायचं, पाला पास्त्यात मोडून जाईल इतकं. वर चीज नाही. पावाचा जाडसर चुरा तेलात कुरकुरीत करून भुरभुरवायचा. वीस मिनिटांत होतं, आणि मुळा घेतला की पाला भाजीवाली मोडून बाजूला टाकण्याआधी मागून घ्यायचा असतो.